आहारतज्ज्ञाकडे जाण्याआधी नावापुढची अक्षरं वाचा

मावशीच्या फ्रिजवर चुंबकाने एक कागद लावलेला होता. सकाळी कोमट पाण्यात लिंबू, न्याहारीला शेक, दुपारी दोन वाट्या कच्च्या भाज्या आणि उकडलेलं अंडं, रात्री सूप. भात बंद, चपाती बंद, पोई (गोव्याचा पाव) बंद. आणि अकरा वाजता घेतली जाणारी उकड्या तांदळाची पेज, जी तिने जन्मभर कधी चुकवली नव्हती, तीही बंद.

मावशी गोव्यातल्या फोंड्याची. वय ६४, मधुमेह बारा वर्षांचा. सकाळी ग्लिमेपिराईडची गोळी घ्यायची, ती तिने नेमाने चालू ठेवली, कारण कागदावर गोळीबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. पाचव्या दिवशी, बरोबर पेजेच्या वेळेला, तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलताना शब्द सापडेनात. शेजारच्या वहिनींनी धावत येऊन यंत्रावर साखर तपासली. ५२. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी झाली असं मानतात. वहिनींनी लगेच साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं.

झालं होतं ते असं. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात भात गेला आहे की नुसती काकडी, हे गोळीला कळत नाही. इतकी वर्षं गोळी आणि अकराची पेज यांचं एकमेकांशी जमलेलं होतं. कागदाने पेज काढली, गोळी तशीच राहिली.

कागद देणारी व्यक्ती वाईट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तिने स्वतःचं वजन मेहनतीने उतरवलं होतं, काही आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला होता आणि मावशीचं भलं व्हावं असंच तिला वाटत होतं. पण ‘गोळ्या कोणत्या चालू आहेत?’ हे तिने विचारलं नाही. तिच्या कोर्समध्ये तो प्रश्न आलाच नव्हता. आणि तिच्या नावापुढे ‘आहारतज्ज्ञ’ लिहिलेलं असल्यामुळे आम्हा घरच्यांपैकी कोणीही तिचं शिक्षण विचारलं नाही. मीसुद्धा नाही. त्यानंतर मी हे सगळं समजून घेतलं. ते इथे मांडतो आहे.

आधी शब्दाचा घोळ. मराठीत आपण ‘आहारतज्ज्ञ’ म्हणतो तेव्हा त्यात इंग्रजीतले दोन वेगळे शब्द एकत्र येतात, डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट. ढोबळमानाने डाएटिशियन म्हणजे आजारी माणसाच्या आहाराचं शिक्षण घेतलेला, रुग्णालयात काम करू शकणारा. न्यूट्रिशनिस्ट हा शब्द जास्त पसरट आहे. शाळेतल्या पोषण आहारावर काम करणाऱ्या, खेळाडूंचा आहार पाहणाऱ्या किंवा पोषणावर संशोधन करणाऱ्या उत्तम शिकलेल्या माणसालाही तो लागतो, आणि दोन शनिवार-रविवारचं शिबिर केलेल्यालाही लोक तो लावतात.

हा फरक देशागणिक बदलतो, आणि गोव्याच्या माणसाने तो जाणून घ्यावा, कारण आपल्याकडे घरटी कोणीतरी परदेशात असतं आणि तिकडचा सल्ला फोनवरून इकडे येतो. ब्रिटनमध्ये ‘डाएटिशियन’ हे नाव कायद्याने राखलेलं आहे. सरकारी नियामकाच्या नोंदवहीत नाव नसताना ते वापरणं हा गुन्हा आहे. तिथे ‘न्यूट्रिशनिस्ट’ मात्र कोणीही म्हणवून घेऊ शकतो. त्यांच्यासाठी एक नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक. पोर्तुगालमध्ये याच्या उलट. तिथे ‘न्यूट्रिसिओनिस्ता’ हाच नियमन असलेला पेशा आहे आणि त्यांच्या व्यावसायिक संघाचं सदस्यत्व असल्याशिवाय काम करता येत नाही. म्हणजे ब्रिटनमधल्या स्विंडनच्या चुलतभावाने ‘इथल्या एका न्यूट्रिशनिस्टने सांगितलं’ म्हटलं आणि लिस्बनच्या आतेबहिणीने तेच वाक्य म्हटलं, तर शब्द एकच, पण त्यामागची हमी वेगळी.

आपल्याकडे काय? भारतात आजवर हे सगळं बरंचसं मोकळं राहिलं, म्हणूनच प्रत्येक पाटीच्या मागे जाऊन पाहावं लागतं.

सगळ्यात खालची पायरी सर्टिफिकेटची. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं अन्न आणि पोषण या विषयाचं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट अनेकांना माहीत असेल. ते सामान्य माणसाला पोषणाची जाण यावी म्हणून आखलेलं आहे आणि त्या कामासाठी चांगलं आहे. त्याच्या जोरावर कोणी रुग्णांना आहार लिहून द्यावा, हा त्याचा हेतू कधीच नव्हता. यानंतर बी.एस्सी., म्हणजे गृहविज्ञान किंवा अन्न-पोषण विषयातली तीन-चार वर्षांची पदवी. आपल्याकडे पणजीत कांपालला गृहविज्ञान महाविद्यालय आहे, त्यामुळे या वाटेने गेलेली एखादी तरी मुलगी बहुतेकांच्या ओळखीत निघेल. त्यावर डाएटेटिक्समधला, म्हणजे आजारानुसार आहार ठरवण्याच्या शास्त्रातला, पदव्युत्तर डिप्लोमा किंवा एम.एस्सी.

आणि या शिक्षणाला जोडून रुग्णालयातली इंटर्नशिप. मला विचाराल तर सगळ्या यादीत वजनदार गोष्ट हीच. वर्गात पोटॅशियम हा शब्द शिकता येतो. वॉर्डात गेल्यावर कळतं की समोरच्या बेडवरच्या माणसाचं पोटॅशियम आज वाढलेलं आहे, म्हणून त्याच्या ताटातला टोमॅटो आणि उशाशी नातेवाइकांनी आणून ठेवलेलं शहाळं दोन्ही काढायचं. नाकातून नळीने अन्न जाणाऱ्या माणसाला किती, काय आणि किती पातळ द्यायचं, शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी काय सोसेल, डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं कमी करायची आणि सुरू झाल्यावर वाढवायची, असं उलटसुलट का करायचं, हे सगळं तिथे वरिष्ठांच्या नजरेखाली शिकायला मिळतं. चूक झाली तर पकडणारं कोणीतरी असतं.

त्याच्याही पुढची पायरी ‘आरडी’, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन. इंडियन डायटेटिक असोसिएशन ही १९६३ साली स्थापन झालेली व्यावसायिक संघटना आहे आणि तिचं मंडळ ही नोंदणी देतं. पात्रतेचं शिक्षण, इंटर्नशिप आणि मग परीक्षा, असा तो रस्ता. पास झालेल्याला नोंदणी क्रमांक मिळतो. ही सरकारी सक्ती नाही. आरडी नसलेल्या पण चांगल्या, अनुभवी डाएटिशियनही आहेत, विशेषतः जुन्या पिढीतल्या. तरीही अनोळखी माणसाची निवड करायची असेल तर नावापुढे ‘आरडी’ आणि क्रमांक दिसणं हा आज आपल्या हातातला सगळ्यात भरवशाचा पुरावा आहे, कारण तो तपासता येतो.

कायदा आता आला आहे. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट या दोघांचीही नावं आहेत. केंद्रात आयोग, राज्याराज्यांत परिषदा, आणि नोंदवह्या अशी त्याची रचना. या कायद्यात ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवण्यासाठी किमान ३,६०० तासांचं शिक्षण धरलं आहे, तीन ते सहा वर्षांत पुरं होणारं. आता शेजारी ऑनलाइन कोर्स ठेवून पाहा. रोज दोन तास, सलग सहा आठवडे, एकही सुट्टी न घेता केला तरी ८४ तास होतात. हा हिशेब मी स्वतः कागदावर मांडला तेव्हा मावशीच्या घरी नेमकं काय घडलं, ते मला पुरतं उमगलं.

त्याच कायद्याचा धागा पकडून २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना सांगितलं की अन्न आणि पोषण, क्लिनिकल न्यूट्रिशन, डाएटेटिक्स अशा विषयांत दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन नवे प्रवेश देऊ नका. आधी रीतसर मान्यता असताना ज्यांनी अशी पदवी घेतली, त्यांच्यावर संशय घ्यायचं कारण नाही. पण आज कोणी ‘घरबसल्या क्लिनिकल न्यूट्रिशनिस्ट व्हा’ अशी जाहिरात करत असेल, तर तो कागद कोण देणार आहे ते विचारा. भारतात पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तो दिलेल्या संस्थांनाच असतो. ‘अकॅडमी’, ‘इन्स्टिट्यूट’, ‘इंटरनॅशनल’ असे शब्द नावात असले म्हणून तो अधिकार येत नाही.

‘डॉ.’ या अक्षरापाशी थोडं थांबू. आहारशास्त्रात पीएच.डी. केलेल्या बाई ‘डॉ.’ लावतात, तो त्यांचा हक्क आहे. त्या तुमचं औषध मात्र बदलू शकत नाहीत. एम.बी.बी.एस., एम.डी. झालेले डॉक्टर औषध बदलू शकतात, पण त्यांच्या अभ्यासक्रमात रोजचं ताट आखण्याचा भाग थोडाच असतो, आणि ओपीडीत बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना ‘गोड कमी करा, चाला’ याच्या पलीकडे जायला त्यांना वेळही नसतो. आयुर्वेदाचे बी.ए.एम.एस. वैद्य आणि निसर्गोपचाराचे बी.एन.वाय.एस. डॉक्टर साडेपाच वर्षं शिकतात, त्यांचा आहारविचार त्यांच्या शास्त्राच्या चौकटीतला असतो. या सगळ्यांकडे जाता येतं. कोणता ‘डॉ.’ कोणत्या कामाचा, एवढं ठाऊक हवं. मधुमेहासारख्या आजारात तर डॉक्टर आणि डाएटिशियन दोघांनी एकमेकांशी बोलणं हेच बरोबर. मावशीच्या बाबतीत एका फोनवर काम झालं असतं: ‘पेशंटचा भात कमी करते आहे, गोळीचा डोस पाहाल का?’

जिममधल्या ट्रेनरबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. व्यायाम शिकवणारा चांगला ट्रेनर ही मोठी देणगी आहे आणि तरुण, निरोगी मुलाला ‘अंडी खा, रात्री जागू नको, पाणी पी’ असं तो सांगत असेल तर त्यात गैर काही नाही. पण तो प्रोटीन पावडरचा डबा विकायला लागला की माझा विश्वास उडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ सूत्रं प्रसिद्ध केली. त्यांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असं स्पष्ट म्हटलं आहे. ही संस्था सरकारी आहे, तिची मुळं १९१८ पर्यंत जातात आणि तिची पुस्तिका इंटरनेटवर फुकट वाचता येते. ज्याला काही आजार नाही, त्याने कोणाला पैसे देण्याआधी ती पुस्तिका वाचावी. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागेल.

डबे विकणाऱ्यांचं दुसरं रूप म्हणजे ‘वेलनेस कोच’. घरी येतात, वजन करतात, यंत्रावर चरबीचा आकडा दाखवतात आणि मग शेकची पाकिटं पुढे करतात. त्यांना विचारलं की ‘हे सुरक्षित आहे का?’, तर डब्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक दाखवतात. तो क्रमांक उत्पादकाला अन्न बनवण्या-विकण्याचा परवाना आहे एवढंच सांगतो. भुजियाच्या पाकिटावरही तो असतो. त्याने साखर उतरते किंवा गुडघे बरे होतात, असा त्याचा अर्थ अजिबात नाही. पूरक पोषणाच्या डब्यावर तर ‘औषध म्हणून वापरण्यासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ छापावीच लागते. बारीक अक्षरात असते, पण असते, शोधा. आणि ‘मधुमेह मुळापासून बरा’ किंवा ‘लठ्ठपणा हमखास जाईल’ अशी औषधाची जाहिरात करणं तर १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्यानेच बंद आहे. मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब हे तिन्ही त्या कायद्याच्या यादीत आहेत. हमी देणारा माणूस दिसला की तिथून उठायला हे एक कारण पुरेसं आहे.

रील बनवणाऱ्यांसाठीही नियम आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं की आरोग्याबद्दल तज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्याने आपण कुठून प्रमाणित आहोत ते उघड करावं, आणि स्वतःला तज्ज्ञ म्हणून मांडणाऱ्या बाकीच्यांनी हा सल्ला डॉक्टरांना पर्याय नाही हे प्रेक्षकांना स्पष्ट कळवावं. पुढच्या वेळी एखादी रील आवडली तर त्या व्यक्तीच्या प्रोफाइलवर जाऊन पदवी आणि विद्यापीठ शोधा. ‘सर्टिफाइड’ एवढाच शब्द असेल आणि कोणी सर्टिफाय केलं ते नसेल, तर ती माहिती अपुरी आहे.

आता आपल्या घराजवळचं एक उदाहरण, कारण ‘घरचं, नैसर्गिक आहे, त्याने काय होणार’ हे वाक्य मी वारंवार ऐकतो. गोव्यात परसात करमलांचं झाड असतं. ताऱ्यासारख्या फोडी पडतात ते आंबट फळ, मुलं मीठ लावून खातात. निरोगी माणसाने चार फोडी खाल्ल्या तर काही होत नाही. पण मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या माणसाला हेच फळ घातक ठरू शकतं. त्यातलं एक द्रव्य मूत्रपिंडावाटे बाहेर पडत नाही आणि मेंदूवर परिणाम करतं. न थांबणाऱ्या उचक्या, गोंधळलेपण, झटके, इथवर गोष्ट जाते. त्याचंच भावंड बिंबल, जे आपण माशांच्या कालवणात आंबटाला घालतो. कालवणातली दोन बिंबलं वेगळी आणि कोलेस्ट्रॉल उतरवायला रोज पेलाभर रस पिणं वेगळं. असा रस पिऊन मूत्रपिंडं अचानक बिघडलेल्या रुग्णांची प्रकरणं केरळच्या डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. बिंबलात ऑक्झलेट भरपूर असतं, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात.

रक्तदाबवाल्यांसाठी दुकानात मिळणारं ‘कमी सोडियमचं’ मीठही असंच. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम घातलेलं असतं. रक्तदाब आहे पण मूत्रपिंड ठीक आहे, अशा माणसाला त्याचा उपयोग होऊ शकतो. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर तेच मीठ हृदयाच्या ठोक्यांवर उठू शकतं. रक्त पातळ करायला वॉरफरिन घेणाऱ्याने एकाएकी रोज पालक-मेथीचा रस सुरू केला तर औषधाचा परिणाम घटतो. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेतली तर थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही.

म्हणून निवडीचा माझा निकष सरळ आहे. तुम्ही कोणती गोळी घेता आणि तुमचा कोणता अवयव दुखावलेला आहे, त्यावरून समोरच्याचं शिक्षण किती हवं ते ठरवा. नुसतं चार किलो वजन उतरवायचं असेल, तर बी.एस्सी. झालेली, नीट ऐकून घेणारी न्यूट्रिशनिस्ट पुरते. बाळाला सहाव्या महिन्यानंतर काय भरवावं हे अंगणवाडीच्या ताईसुद्धा छान सांगतात, त्यांना त्याचंच प्रशिक्षण असतं. मधुमेह गोळीवर किंवा इन्सुलिनवर, मूत्रपिंड, यकृत, कर्करोगाचे उपचार, गरोदरपणातली साखर, यांपैकी काहीही असेल तर रुग्णालयात काम केलेली डाएटिशियनच हवी, शक्यतो आरडी. आणि ती शोधायला जाहिराती चाळत बसू नका. तुमच्या डॉक्टरांनाच म्हणा, ‘मला डाएटिशियनकडे पाठवा.’ बांबोळीच्या सरकारी रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयांत त्या असतात, पण रुग्णाने विचारल्याशिवाय अनेकदा तो विषयच निघत नाही.

फोनवर शिक्षण विचारायला आपल्याला संकोच वाटतो. समोरचा दुखावेल, आपण आगाऊ दिसू, असं वाटतं. मी आता असं विचारतो: ‘मॅडम, तुमचं शिक्षण कुठून झालं? इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात केली? आरडी नंबर आहे का? आईला अमुक आजार आहे, असे पेशंट तुम्ही नेहमी पाहता का?’ खरोखर शिकलेल्या व्यक्तीला हे प्रश्न आवडतात. आजवर एकही जण चिडलेली नाही. उलट एकीने मोकळेपणाने सांगितलं की मूत्रपिंडाचे पेशंट ती घेत नाही, आणि ज्या घेतात त्यांचं नाव दिलं. तिच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

तिने तुम्हाला काय विचारलं, याकडेही लक्ष द्या. पहिल्या भेटीत रिपोर्ट मागितले का, गोळ्यांची चिठ्ठी पाहिली का? सोमवारी मासळी खाता का, श्रावण पाळता का, चतुर्थीला घरात काय काय होतं, चेपणीतली तोरं (मिठात मुरवलेल्या कैऱ्या) आणि सुकं खारं (खारवलेली सुकी मासळी) जेवणात किती वेळा असतं, घरात स्वयंपाक कोण करतं? गोव्यात राहणाऱ्या माणसाला जी नुसतं ओट्स आणि ब्रोकोली लिहून देते, तिने समोरच्या माणसाकडे पाहिलेलंच नाही.

मावशीला त्या घटनेनंतर आठवड्याभराने आम्ही रुग्णालयातल्या डाएटिशियनकडे नेलं. पाऊण तास लागला. त्यांनी आधी गोळ्यांची पाकिटं टेबलावर ओतायला लावली, मग डॉक्टरांना फोन केला आणि मग ताटाकडे वळल्या. पेज परत आली, पण मोजून एक वाटी, आणि सोबत मिठातल्या तोराऐवजी मुगाची उसळ. दुपारी भात अर्धा, बांगडा तळण्याऐवजी हुमणात, म्हणजे कालवणात. पोई आठवड्यातून दोनदा, कोंडा असलेली. अळसांद्यांचं तोणक (चवळीची रस्साभाजी) चालेल म्हटल्यावर मावशीचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

नवा कागद आता त्याच फ्रिजवर, त्याच चुंबकाखाली आहे. तळाशी त्या बाईंचं पूर्ण नाव, एम.एस्सी., आरडी, पुढे क्रमांक आणि ‘हात थरथरले, घाम आला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि मला कळवा’ अशी हाताने लिहिलेली ओळ.